देवकाआधीची तपासणी

“जुळलं,” काउंटरमागची शिवगंगा म्हणाली. “काका-पुतण्याची पुरुषाकडची खूण एकच आहे.”

लातूरच्या त्या प्रयोगशाळेत बाकावर बसलेल्या तुळजाबाईने भिंतीला पाठ टेकली. सुदर्शन पोटात असतानाच तिचा नवरा गेला. सासरच्यांनी चाकूरच्या घरातून काढल्यावर किनवटच्या आश्रमशाळेत स्वयंपाक करून तिने पोर वाढवलं. आता त्याचं लग्न ठरलं होतं. देवक बसवायला भाऊकी हवी, आणि दीर श्रीमंत अडून बसला होता, “पोरगं आमच्या रक्ताचं हाय का ते आधी दाखवा.” बाप नाही, म्हणून काकाच्या गालातून काडी फिरवून नमुना घेतला होता.

“झालं न्हवं समाधान, भावजी?”

श्रीमंतने तिच्याकडे पाहिलंही नाही. “म्याडम, ही खूण बापाकडून पोराला येती?”

“हो. तुम्हाला आणि तुमच्या भावाला ती वडिलांकडून एकच मिळाली.”

“म्हंजी भावाच्या जागी मी असतो, तरी अशीच निघाली असती?”

“हो. एवढ्यावरून दोन भाऊ वेगळे करता येत नाहीत.”

श्रीमंत मांडीवर थाप मारून हसला. “घ्या वैनी! आता भाऊकी मलाच इचारंल, कवा गेलतास रं भावजयीकडं? आन् चुलतभाऊ काय कमी हायेत व्हय आमच्या घरात?”

तुळजाबाईने सुदर्शनकडे पाहिलं. त्याने काकाची कॉलर धरावी, निदान ‘चल आई’ म्हणावं.

सुदर्शन काउंटरवर झुकला होता. “म्याडम, बाप नेमका कोन ते सांगनारी दुसरी तपासणी असती का?”

“असते. आईंचाही नमुना लागेल.”

“आई, देऊन टाक. गालात काडी तर फिरवायचीय. सासरवाडीत मला तोंड दाखवायचंय.”

शिवगंगेने नवं पाकीट फोडलं.

तुळजाबाई उठली. “भावजी, तपासणी उगंच केली तुमी. ह्यो तुमच्याच घरचा हाय. आत्ता पटलं मला.”

“आई, तसं न्हाई गं...”

“बसवा देवक. सुखानं बसवा.”

जिन्याजवळच्या नळावर तिने चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली. काडी तिच्या गालाला लागलीही नव्हती.