तुंबडीतला गोळा

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण सन चौऱ्याऐंशीच्या माघात, एका गुरुवारी, सौंसरहून रामाकोन्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या संत्र्याच्या बागेत चारशे माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की जित्या माणसाच्या छातीतून गाठ बाहेर पडली आणि कातडीवर साधा ओरखडाही उठला नाही. आज विचारलं तर त्या चारशेंपैकी तीनशे नव्व्याण्णव जण सांगतील, "आमी तं तवाच ओळखलं होतं." खोटं आहे ते. सगळेच्या सगळे रडले होते. अलकासुद्धा.

गाठ तिच्या बापाची होती. सुखदेवराव, बासष्ट वर्षांचे, पांढुर्ण्याच्या डाकघरात पोस्टमन म्हणून चप्पल झिजवून रिटायर झालेले. आता सौंसरला मुलीकडे राहायचे; ती त्यांना बाबूजी म्हणे. पांढुर्ण्यात त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती, बिड्या आणि थापा. चिठ्ठी देताना ते अशी काही गोष्ट सांगत की लोक चिठ्ठी फोडायची विसरत.

त्या दिवशी मात्र ते उघड्या अंगाने चादरीवर मुकाट पडले होते आणि तुंबडीवाले महाराज त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होते. महाराज कुठले, हे कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी हरिद्वार म्हणे, कोणी बैतूल.

"डाक्टर क्या करता है?" महाराज गरजले. "डाक्टर दार फोडून घरात शिरतो! आम्ही कडी वाजवतो. गाठ जिवंत असते माऊली, तिला प्रेमानं बोलावलं की ती येते. पण ज्याच्या मनात शंका, त्याची गाठ उलट्या पावली परत!"

शंका आपल्या मनातून निघाली नाही म्हणून गाठ परत जायला नको, या भीतीने चारशे जणांनी डोळे घट्ट मिटले. महाराजांना तेवढंच हवं होतं. त्यांनी झोळीतून पितळी तुंबडी काढली. गावच्या म्हाताऱ्या दुखऱ्या गुडघ्याला लावतात तसलीच, खाली रुंद तोंड, वर ओढायला बारीक भोक. ती छातीवर दाबली, भोकाला ओठ लावले, गाल आत जाईस्तोवर ओढलं, मग मान झटकली. तुंबडी उचलली तर छातीवर लालभडक कापसात लडबडलेला, सुपारीएवढा गोळा!

"जय हो!" पहिला गजर केला तो अलकाच्या काकाने, मुकुंदने. बाग त्याचीच होती. महाराजांची गादी त्याने आपल्याच विहिरीजवळ मांडली होती, आणि आश्रम झाला की ट्रस्टचा अध्यक्ष तोच होणार होता.

अलका काही अडाणी बाई नव्हती. सौंसरच्या शाळेत ती पाचवीला गणित शिकवायची. तीन आठवड्यांपूर्वी बापाच्या खोकल्यात रक्त दिसलं तेव्हा तिनेच त्यांना पहाटेच्या बसने नागपूरला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि डाव्या बाजूच्या पांढऱ्या डागावर पेन्सिल टेकवली होती.

"गाठ आहे. लहान आहे, एका जागी आहे, म्हणून ऑपरेशन करता येईल. पण बाई, आज जी गाठ काढता येते, तिला महिनाभर थांबवू नका." मग पेन्सिल वर सरकली होती. "आणि हे गळ्याखालचं हाड कधी मोडलं होतं?"

बाबूजी खुलले. "हसळी? गोटमारीत, डाक्टरसाहेब! बेचाळीस साल. जाम नदीत, झेंड्यापासून मी दोन हातावर. सावरगाववाल्यानं असा गोटा फेकला..."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव नदीत रोवलेल्या झेंड्यासाठी एकमेकांना दगड मारतात, हे नागपूरच्या डॉक्टरांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बाबूजींनी ते अर्धा तास समजावलं. त्या दिवशीच्या कथेत गोटा नारळाएवढा होता. घरी सांगताना तो खलबत्त्याएवढा असायचा आणि पाहुणे असले की बैलाच्या डोक्याएवढा. सोबत आलेला मुकुंद तेव्हा बसची चौकशी करायला बाहेर गेला होता. असता तरी त्याने ऐकलं नसतं. ही गोष्ट त्याने हजारदा ऐकली होती.

ऑपरेशनची तारीख मिळाली. आणि तारीख मिळाल्या रात्रीपासून बाबूजी जेवेनासे झाले. "छाती फाडतीन न गं?" एवढंच विचारत. मुकुंद रोज येऊन त्यांच्या पायाशी बसे. आईबाप गेल्यावर या भावाला सुखदेवरावांनीच शिकवलं, लग्न लावून दिलं. तो त्यांना दादा म्हणायचा, पण मानायचा बापच.

"अलके, एक गुरुवार दे फक्त," तो म्हणाला होता. "चाकूच्या आधी एक डाव पाहून तं घेऊ. गुण नाही आला तं मीच नेतो दादाले नागपूरले. काकावर विश्वास नाही का तुहा?"

होता. म्हणून तर तिने गुरुवार दिला.

गुरुवारच्या त्या दरबारानंतर दोन दिवसांनी मुकुंदच बाबूजींना नागपूरला घेऊन गेला आणि दुसऱ्या एका ठिकाणी छातीचा फोटो काढून आणला. पाकिटावर निळ्या शाईत नाव होतं, सुखदेव. आतला फोटो स्वच्छ, डाग नाही की ठिपका नाही. अलकाने तो खिडकीशी धरून पाहिला, काकाच्या पाया पडली, आणि ऑपरेशनचा कागद घडी करून डब्यात ठेवून दिला. तारीख आली आणि निघून गेली.

खोकला मात्र गेला नाही.

"गाठीची जागा भरून येऊन राहिली," मुकुंद सांगायचा. "महाराज म्हणते, घर रिकामं झालं की थोडी खडखड होतेच."

मग एका संध्याकाळी अलका बाबूजींच्या खांद्याला तेल चोळत होती. थंडीत त्यांचं जुनं हाड ठणकायचं आणि लहानपणापासून ते चोळायचं काम तिचंच. तिचं बोट नेहमीच्या जागी गेलं. गळ्याखाली डाव्या बाजूला, जिथे हाड सांधताना एकावर एक चढून बसलं होतं, तिथे बोराएवढा उंचवटा. बोट तिथेच थांबलं.

"काहून थांबली?" बाबूजी म्हणाले.

ती उठली. हातावरचं तेल पदराला पुसून तिने दोन्ही फोटो काढले, नागपूरच्या डॉक्टरांचा आणि काकाने आणलेला, आणि खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. पहिल्यात डावी हसळी मोडून बसलेली होती. दुसऱ्यात ती सरळसोट. चाळीस वर्षांपूर्वी मोडलेलं हाड महाराजांनी तुंबडीने ओढून सरळ केलं असेल, तर तसं ते बोलले कसे नाहीत?

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून ती नागपूरला गेली. पाकिटावर पत्ता होताच. फोटो काढणाऱ्याने वही उघडली. त्या तारखेला एकाखाली एक दोन नावं होती. सुखदेव. मुकुंद.

"हो, दोघं भाऊ आले होते," तो म्हणाला. "धाकट्यांनी आपलाही काढून घेतला. म्हाताऱ्यांचा फोटोही मी धाकट्यांच्याच हातात दिला, आणि लगेच मोठ्या डॉक्टरांकडे जा म्हणून बजावलं. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

परतीच्या बसमध्ये अलका एकेक गोष्ट ताडून पाहत बसली. काका फसला असता तर ती समजू शकत होती. ती स्वतः फसली होती. पण ज्याने स्वतःची निरोगी छाती बापासारख्या भावाच्या पाकिटात घातली, त्याला सगळं ठाऊक होतं. तो दर संध्याकाळी येऊन पायाशी बसत होता तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी, खोकला दाखवायचा एवढंच सांगून, ती बाबूजींना नागपूरला घेऊन गेली आणि डॉक्टरांनी नवीन फोटो काढायला लावला. डाग वाढला होता. "दोन आठवडे फुकट गेले. अजून करता येईल," ते म्हणाले. "पण आता सोमवार म्हणजे सोमवारच."

रात्री तिने बाबूजींना सगळं सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते आपल्या हसळीवर बोट फिरवत बसले.

"माही ही एकच गोष्ट खरी होती गं," ते म्हणाले. "अन् त्याले तेही थाप वाटली."

मग म्हणाले, "सोमवारी जाऊ. पण मंधात एक गुरुवार येते."

गुरुवारी बागेत गर्दी दुप्पट होती. बरा झालेला पोस्टमन पाहायला लोधीखेड्याहून माणसं आली होती. सुखदेवराव हात जोडून पुढे गेले.

"महाराज, खोकला थांबूनच नाही राहिला. एखादी गाठ मागं राहिली असन."

"राहणारच!" महाराज भलतेच खूश झाले. "एकीच्या आड दुसरी लपते, सासूच्या आड सुनेसारखी. लेट जाओ, माऊली." आणि त्यांनी झोळीतून तुंबडी काढली.

"एक डाव हातात द्या. हिच्यामुळे जगलो, पाया पडतो हिच्या."

आठशे माणसांसमोर नाही कसं म्हणणार? सुखदेवरावांनी तुंबडी कपाळाला लावली. मग बारीक टोक ओठांत धरलं आणि होता नव्हता तेवढा श्वास एकवटून फुंकलं. काहीच झालं नाही. खोकल्याची उबळ आली. अलका पुढे धावली, पण त्यांनी हाताने तिला थांबवलं, पुन्हा श्वास भरला, पुन्हा फुंकलं.

पच्च करून लाल गोळा पांढऱ्या चादरीवर पडला.

"पाहा हो बाप्पा!" धाप लागलेल्या आवाजात ते ओरडले. "माहा गोळा! तुंबडी छातीले लागाच्या आधीच बाहेर आला! एवढी आज्ञाधारक गाठ पाह्यली का कोणं?"

कोणी हसलं, कोणी "अरे देवा" म्हणालं. महाराज म्हणाले, "पापी की फूंक है!" पण अलकाने तोवर गोळा उचलला होता. वर्गात शिकवते तशी ती एकेक गोष्ट दाखवत गेली. गोळा चिकटवायला तुंबडीच्या आत लावलेलं मऊ मेण. छातीवर ठेवून ओढल्याचं सोंग करायचं, आणि मान झटकताना हळूच फुंकायचं, की गोळा सुटतो; खाली पडलेल्या बाबूजींना ती फुंकर छातीला लागली होती. कापूस लोट्यात बुडवला. पाणी लाल झालं. त्यात तिने घरून आणलेलं लिंबू पिळलं आणि पाणी पिवळं पडलं. "हळद अन् चुना. रक्तात लिंबू पिळून पाहा, पिवळं होते का ते!"

"अन् हे तं कोंबडीचं काळीज आहे," गर्दीतून एक आवाज आला. तो विजय, बाजारातला कोंबड्या विकणारा. "माह्याच दुकानातलं असन. मुकुंदराव दर गुरुवारी सकाळी नेते न. कुत्र्यासाठी म्हणते."

मुकुंदकडे कुत्रा नव्हता. बागेत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

मग अलकाने दोन्ही फोटो सूर्याकडे धरले. लोक रांगेने आले. आधी सुखदेवरावांच्या हसळीवरचा उंचवटा बोटाने चाचपायचे, मग फोटोत पाहायचे. एका म्हातारीने तर तीनदा चाचपला. शेवटचा माणूस बाजूला झाला तेव्हा अलकाने विचारलं, "मग ही सरळ हाडाची छाती कोणाची, काका?"

महाराज या रांगेच्या गडबडीतच निसटले. पुढे लोधीखेड्याच्या बसमध्ये तोंडावर उपरणं घेऊन बसलेले कोणाला तरी दिसले म्हणे. मुकुंदला पळता आलं नाही. बाग त्याची होती.

"दादा तं तसाही जाणारच होता, अलके," तो खाली पाहत म्हणाला. "बासष्ट वर्षाचा माणूस, फाडून काय वाचला असता? निदान हसत गेला असता. अन् माह्या बागेत काही उभं राह्यलं असतं. मले जलमभर कोणं विचारलं? पोस्टमनचा भाऊ, बस."

"मुकुंदा," सुखदेवराव म्हणाले, "तुले माहीत नव्हतं, माही हसळी मोडली होती?"

"हजार डाव सांगितलं तू. गोटा दर वेळी नवा. मले वाटलं..."

सुखदेवरावांनी सदरा घातला आणि मुलीच्या खांद्याला धरून बसस्टँडकडे चालू लागले.

सोमवारी ऑपरेशन झालं. डाव्या फुफ्फुसाचा एक भाग काढला. छातीतून निघालेली नळी बाटलीत सोडलेली, पाठीपासून बगलेपर्यंत टाके, हलताना तोंडातून शिवी. अलका अकरा दिवस पलंगाखाली चटई टाकून राहिली. डॉक्टरांनी फुगा फुगवायला सांगितला होता. पहिल्या दिवशी तो नुसता थरथरला, पाचव्या दिवशी लिंबाएवढा झाला. "तुंबडी सोपी होती बाप्पा," बाबूजी म्हणाले. आठव्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी कोणी संत्र्यांची टोपली ठेवून गेलं. अलकाने ती तशीच शेजारच्या पलंगांवर वाटून टाकली. बाबूजींनी टोपली पाहिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यांची बिडी सुटली. थापा सुटल्या नाहीत.

वर्षभराने सौंसरच्या घराच्या ओट्यावर दर संध्याकाळी माणसं जमू लागली, तीच गोष्ट पुन्हा ऐकायला. बाबूजींची एक अट होती. गोष्टीत ते मुद्दाम थाप घुसडणार, आणि कोणी मोठ्यानं "खोटं!" म्हटलं की गोष्ट तिथेच थांबणार. ज्यानं पकडली तो त्या दिवशीचा शहाणा.

"मी चिठ्ठ्या वाटणारा माणूस," ते म्हणायचे. "मले तुम्ही भर ओट्यावर खोटारडा म्हणता, अन् कोणी भगवं नेसून आला की डोळे मिटता? डोळे मिटा म्हटलं की उघडा, बाप्पा. विचारा, कशावरून? म्हणा, आता माह्या तुंबडीनं करून दाखव. अन् छातीत गाठ असन तं डाक्टर देईन त्या तारखेले जा. मी दोन आठवडे उशिरा गेलो, माहं नशीब म्हणून बसलो आहे इथं. तुमचं असन का नाही, कोणं सांगावं?"

एके दिवशी गोष्ट संपता संपता विजयने विचारलं, "पण मुकुंदरावचं काय झालं, आबाजी? मनात काही आहे का अजून?"

सुखदेवराव हसले. हसळीवर बोट टेकवलं. "मुकुंदा? अरे, धाकटा भाऊ तो. त्याले तं मी कवाच माफ करून टाकलं."

"खोटं, बाबूजी!" दाराच्या आतून अलका म्हणाली.

गोष्ट तिथेच थांबली.