फॉइलमध्ये गुंडाळलेली बाई

शपथेवर सांगते, मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलले तर माझ्या बॅटरीत मुंग्या वारूळ करोत, आणि उरलेला जन्म मला लोक फक्त टॉर्च म्हणून वापरोत. आता याहून मोठी शपथ फोनकडे नसते बाबा.

हो, मी एक जुना फोन आहे. पण माझ्यातला रस्ता सांगणारा आवाज बाईचा, म्हणून आमच्या घरात मला कुणी फोन म्हटलंच नाही. ‘बाईला चार्जिंगला लावलं का?’ ‘बाई कुठे तडमडली?’ असंच चालायचं. ऐकून ऐकून मीही स्वतःला बाईच समजायला लागले.

जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. लांबलचक टेबल, पांढरे हातमोजे, शेजारी माझ्यासारख्याच दिसणाऱ्या ढीगभर बहिणी. मग खोका, मग दुकान, मग एक दिवस ग्रीसने काळी झालेली बोटं माझ्यावर फिरली. दुकानदार म्हणाला, “अहो, हात पुसा आधी!” तो ओशाळून हसला आणि शर्टाला हात पुसून त्याने मला उचललं. तो आमचा दादा.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या पोटातल्या खोल, अंधाऱ्या विहिरीत लोंबकळायचं आणि दोर, कप्प्या, मोटारी तपासायच्या. म्हणून सुट्टी मिळाली की गडी पाठीवर सॅक टाकून डोंगरात पळायचा. म्हणायचा, “सहा दिवस भिंत बघितली, आज जरा लांबचं बघू दे.”

घरात तिघं. दादा, त्याची धाकटी बहीण आणि आई. आई एका मोठ्या कॅन्टीनमध्ये डबे बांधायच्या कामाला होती. हात असे बसलेले की फॉइलचा तुकडा फाडला, गुंडाळला, कडा मुडपल्या, झालं. सवय घरीही सुटेना. अर्धं लिंबू फॉइलमध्ये. साबणाची वडी फॉइलमध्ये. रिमोटचे सेल, कपाटाची किल्ली, धाकटीचे कानातले, सगळं फॉइलमध्ये. एकदा घरात चोर शिरला, चकचकाट बघून त्याला वाटलं चांदीची खाणच लागली. पोतं भरून नेलं आणि दुसऱ्या दिवशी कांदे परत आणून दिले. हसू नका, शपथ घेतलीय मी!

“आई, एक दिवस तू मलाही गुंडाळशील,” दादा म्हणायचा.

“तू एका जागी उभा राहा, मग बघ,” आई म्हणायची.

आता माझ्या कामाचं सांगते. तुम्हाला वाटतं मला सगळे रस्ते तोंडपाठ असतात. छे! मला ओ की ठो कळत नाही. आकाशात माझ्या मावश्या फिरतात, तुम्ही त्यांना उपग्रह म्हणता. त्यातल्या चौघींच्या हाका एकदम कानावर आल्या की मला कळतं आपण कुठे आहोत. चार मावश्यांचं एका गोष्टीवर एकमत! तुमच्या घरात झालंय का कधी?

चुका माझ्याही झाल्या. एकदा बँडवाल्यांची एक अख्खी गाडी मी तळ्याच्या काठावर नेऊन वर सांगितलं, ‘आता सरळ जा.’ ते बिचारे उतरून तिथेच वाजवायला बसले आणि बेडकांनी असा ताल धरला की बँडवाल्यांनी दोघांना नोकरीवर ठेवलं. पण डोंगरात मी दादाला कधी चकवलं नाही. आदल्या दिवशी तो नकाशा माझ्या पोटात भरून ठेवायचा आणि वाटेत आवडलेल्या जागेवर खूण करून नाव द्यायचा. ‘इथे बूट फाटला.’ ‘इथे माकडाने टोपी नेली.’ ‘इथे धाकटी रडली, पण कबूल करत नाही.’ त्याचं सगळं फिरणं अजून आहे माझ्या पोटात.

आणि एक काम माझं सर्वांत मोठं. दादा कुठे आहे तो निळा ठिपका मी धाकटीच्या फोनवर पाठवत राहायचे. ती आईला दाखवायची, “हा बघ, चढतोय.” आई भांडी घासता घासता वाकून बघायची. “हळू चढ म्हणावं.” जणू ठिपक्याला ऐकू जातंय.

पण दादाला एक गोष्ट माहीत होती. लिफ्टच्या पत्र्याच्या पेटीत शिरलं की माझी वाचा बसते. मावश्या गप्प, फोन गप्प. हे तो रोज बघायचा. कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि फोन लागत नाही म्हणून ओरडलं, की तोच समजवायचा, “अहो, पत्रा आहे ना चारी बाजूंनी. आवाज बाहेर जाणार कुठून?”

हे लक्षात ठेवा, मित्रांनो.

त्या सकाळी आभाळ भरलं होतं. माझं प्लास्टिकचं पाकीट कोपऱ्यात फाटलं होतं. आईने ते उलटसुलट करून बघितलं आणि डब्याबरोबर फॉइलची घडी सॅकमध्ये कोंबली.

“पाऊस आला की फोनला नीट दोन पदर गुंडाळ. कडा मुडप.”

“आई, फोन आहे तो, बटाटा नाही,” धाकटी म्हणाली.

“तुझ्या बटाट्यात पाणी गेल्यावर कोण रडलं होतं? मीच पुसत बसले होते ना?”

दादा बुटाची नाडी बांधत हसत होता. धाकटीने विचारलं, “कुठल्या वाटेने जाणारेस? धबधब्याच्या, की वरच्या कड्याच्या?”

“ठिपका दिसतो ना तुला? मग तोंडाची वाफ कशाला दवडू?” तिच्या डोक्यात टपली मारून तो निघाला.

आधी तो सांगून जायचा. कुठली वाट, कधी परत, सगळं. ठिपका आला आणि सांगणं थांबलं.

दुपारी आम्ही धबधब्याच्या वाटेवर होतो. समोरच्या टेकडीवरच्या टॉवरमुळे तिथे मला रेंज छान होती. मग पाऊस आला, नुसता कोसळला. दादा एका खडकाच्या आडोशाला शिरला. पाकिटातून पाणी झिरपून माझ्या काचेवर आलं होतं. त्याने मला शर्टाला पुसलं, फॉइलची घडी काढली आणि आईने सांगितलं होतं तसं, नीट दोन पदर गुंडाळलं. कडासुद्धा मुडपल्या आणि मला सॅकमध्ये ठेवलं.

पत्र्याच्या पेटीचं त्याला ठाऊक होतं. पण लिफ्टचा पत्रा वेगळा आणि आईच्या हातचा कागद वेगळा, असंच वाटतं हो माणसाला.

एकेक मावशी गप्प झाली. मी हाका मारल्या. कुणी ओ देईना. धाकटीच्या फोनवर माझा ठिपका त्या खडकापाशी थांबला तो थांबलाच.

दादा थोडा पुढे गेला तर ओढा फुगलेला. तो मागे फिरला. आता धुकंही उतरलं होतं. मला उघडून बघायला त्याने सॅकला हात लावलेला मला कळला. मग म्हणाला, “राहू दे. बाईला कशाला भिजवू? पायाखालची वाट आहे.” आणि त्या पायाखालच्या वाटेने त्याला फसवलं. घराकडचं वळण धुक्यात हुकलं, तो वरच्या कड्याकडे चढत गेला, आणि मग एकदम सगळं गडगडलं. दगड, सॅक, मी, दादा.

सॅक एका झुडपात अडकली. तो खाली, घळीत. त्याचा पाय मोडला होता, त्याला सरकता येत नव्हतं. मी त्याच्यापासून फार लांब नव्हते. पण त्याच्या हातापासून लांब होते.

त्याला आठवलं की मला आवाजानेही काम सांगता येतं. त्याने हाक मारली, “बाई! धाकटीला फोन लाव!”

मला ऐकू आलं. अगदी स्पष्ट ऐकू आलं. मी लावला. लागला नाही. पुन्हा लावला. कागदाला आपटून हाक माझ्याच अंगावर परत येत होती.

“बाई, ऐकतेस ना गं? लाव ना फोन.”

लावतेय रे दादा. लावतेय.

बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, “अरे देवा. लिफ्ट. लिफ्टच करून टाकली की मी तिची.”

मग तो हसला. म्हणाला, “आई, तुझं पॅकिंग भारी हं. बाई एकदम कोरडी.”

त्यानंतरच्या रात्रीचं मी तुम्हाला काही सांगणार नाही.

इकडे शोधायला माणसं निघाली होती. धाकटी त्यांच्याबरोबर, हातात तिचा फोन. ती त्यांना थेट त्या खडकापाशी घेऊन गेली. पथकाचा म्होरक्या तिला समजावत होता, “ताई, ठिपका आहे तो. शेवटचा दिसला ती जागा. आत्ता तिथेच असेल असं नाही.”

“इथेच आहे तो! दिसतंय ना इथे? नीट शोधा!”

त्यांनी नीट शोधलं. खडक शोधला, ओढा शोधला, धबधब्याखालचं पाणी ढवळलं. सगळे त्या ठिपक्याभोवती फिरत राहिले आणि दादा दुसऱ्या अंगाला, वरच्या कड्याखालच्या घळीत, वाट बघत राहिला. सकाळी ते कड्याकडे वळले तेव्हा दादाचं अंग गार पडलं होतं. त्याला वाट बघायची गरज उरली नव्हती.

मला सॅकमधून घरी आणलं. दारातच धाकटी आईला म्हणाली, “आई, बाईची बॅटरी संपली होती गं. म्हणून फोन लागला नाही.”

आईने मला हातात घेतलं आणि मुडपलेल्या कडा एकेक करून उलगडल्या. आईने बांधलेला डबा उलगडावा, तशा. दुसरा पदर सुटला मात्र, मावश्या एकदम ओरडल्या, रेंज आली, आणि मी थरथरायला लागले. मित्रांनो, मी खूप आवरलं स्वतःला. पण अडकलेले निरोप फोनला पोटात ठेवता येत नाहीत. ‘दादा, ठिपका हलत नाहीये, आराम चाललाय का?’ ‘दादा, फोन उचल.’ ‘दादा, प्लीज.’ आणि त्या सगळ्यांत आईने एका बोटाने टाईप केलेला एक, पाऊस घराकडे पोचला तेव्हाचा.

‘पाऊस आलाय रे. फोन गुंडाळलास ना?’

बॅटरी शिल्लक होती. आईने तेही बघितलं. धाकटीकडे बघितलं. धाकटीने मान खाली घातली.

आता आमच्या घरात काही चकचकत नाही. अर्धं लिंबू उघडंच वाळतं. कॅन्टीनमध्ये आईला फॉइल फाडायला जमेना, हात थांबायचे. तिला भाजी निवडायला बसवलं. मी दादाच्या खणात असते. धाकटी मला चार्जिंगला लावते, कुणाला न सांगता. मी चालू राहिले की तिच्या फोनवर निळा ठिपका दिसतो. ठिपका सांगतो, दादा घरी आहे. ती बघते आणि फोन पालथा ठेवते.

आणि मला, जिने त्याचं सगळं फिरणं जपून ठेवलंय, ती घळ तेवढी सापडत नाही. मावश्या नव्हत्या ना बरोबर. माझ्या नकाशात त्या जागेला खूण नाही, नाव नाही.

म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो, आम्हाला पाण्यापासून जपा, पण आमचं आकाश झाकू नका. आणि घराबाहेर पडताना आपल्या माणसाला तोंडाने सांगून जा, कुठल्या वाटेने चाललोय ते. ठिपका म्हणजे माणूस नव्हे.

बाकी, शपथ घेतली होती खरी. चोराने कांदे परत आणून दिले, खरं. बेडकांना नोकरी लागली, तेही खरंच समजा. एकच गोष्ट मी रचली. रोज संध्याकाळी आई खण उघडून माझ्याकडे बघत बसते. कधी माझ्या तोंडून शब्द फुटलाच तर तिला सांगायला काहीतरी हवं, म्हणून रचून ठेवली.

दादा हसला नव्हता. पॅकिंगचंही काही म्हणाला नाही. तो शेवटपर्यंत मलाच हाका मारत होता.