पडद्यावरची होडी

आवडाबाईंच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. सदाच्या बोटीवरचं, समुद्राचा नकाशा दाखवणारं यंत्र बॅटरीला जोडून पाटावर मांडलं होतं. त्याला हळदकुंकू लागलं होतं. पडद्यावरच्या निळ्या पाण्यात छोटी काळी होडी पुढे सरकत होती आणि बायका हात जोडून रडत होत्या.

आवडाबाईंचा थोरला मुलगा सदा तांडेल गेल्या वादळात एकटाच बोट घेऊन गेला होता. बोट रेवसच्या खाडीच्या तोंडाशी रिकामी सापडली. यंत्र चोरीला जाईल म्हणून धाकटा भाऊ विनेश ते घरी घेऊन आला. मोरू भगताने ते सुरू केलं आणि पडद्यावरची होडी चालू लागली.

भगताच्या मते यंत्राला जागा दाखवणारा उपग्रह म्हणजे देवाचा डोळा. दर्याने सदाला नोकरीवर ठेवून घेतलं आहे. आज दिवस मावळायच्या आत भावाने नारळ आणि वहिनीचं सोनं घेऊन ती होडी गाठली, तर दर्या त्याला मोकळा करील. भगत स्वतः मात्र जाणार नव्हता, कारण त्याला बोट लागते.

बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला होता, तरी विनेश डिझेलचे कॅन भरत होता. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. सदा आणि विनेश दोघेही माझ्याच हाताखालून गेले. मी विनेशला परोपरीने समजावलं. तो म्हणाला की दादा समोर दिसत असताना घरात बसलो तर आईला तोंड कसं दाखवू. खरं सांगतो, ती होडी बघून क्षणभर मलाही तो सदाच वाटला होता.

तेवढ्यात सदाची बायको प्राची कालवांची टोपली घेऊन आली. घरात दुःख असलं तरी चूल पेटवावी लागते. टोपली खाली ठेवून ती पडद्याकडे पाहत राहिली.

"सर, ही होडी आता कुठं हाय?"

मी नकाशावर बोट ठेवलं. खाडीच्या तोंडाचे खडक.

"ते खडक आता उघडे हायत. मी तिथनंच कालवं फोडून आले. सुकतीला तिथनं बोट कशी जाईल?"

बायका पुढे सरकून पडद्यात डोकावल्या. सुकती म्हणजे ओहोटी. तिची वेळ इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते आणि सगळा कोळीवाडा नेमका तीच विसरला होता.

मी यंत्र हातात घेतलं. भगत ओरडला की परक्याचा हात लागला तर सदा बुडेल. मी सेटिंग उघडलं. सिम्युलेशन चालू होतं. दुकानदार गिऱ्हाईकाला यंत्र दाखवताना ही सोय वापरतात, यंत्र टेबलावर असलं तरी पडद्यावर खोटी होडी चालत राहते. मी ते बंद केलं आणि यंत्र बॅटरीसकट अंगणात, उघड्या आभाळाखाली नेलं. थोड्या वेळाने काळी खूण पुन्हा उमटली. ती याच अंगणावर होती आणि हलत नव्हती.

मी म्हणालो, "हे यंत्र फक्त स्वतः कुठे आहे ते सांगतं. माणूस कुठे आहे ते याला कळत नाही."

भगत मागच्या दाराने कधी सटकला, कुणाला कळलं नाही. आवडाबाई माझ्याकडे बघत होत्या.

"माझा पोर या घडीपर्यंत चालत होता. तुमीच बुडवलात त्याला."

मी यंत्र बंद केलं. प्राचीने सासूला जवळ घेतलं आणि मग तीही पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

संध्याकाळी वादळ आलं. विनेश घरात होता, आईच्या पायाशी बसलेला.

आवडाबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा राग मला समजतो. तरीही सांगतो, जे खरं असावं म्हणून जीव तुटतो, तेच आधी तपासून बघा. आपला जीव कशासाठी तुटतो, हे भगताला नेमकं ठाऊक असतं. गेलेलं माणूस तपासण्याने परत येत नाही, पण मागे राहिलेलं वाचतं.