तिसऱ्या वर्गातला शेट

मंगेशनं महादूशेटचं नाव पहिल्या वर्गातून उचललं आणि तिसऱ्यात टाकलं.

कुडाळहून मालवणला आलेल्या नव्या ऑप्टिकल, म्हणजे उजेडावरून माहिती नेणाऱ्या लाइनची चाचणी कंपनीनं त्याच्यावर सोपवली होती. कुणाची माहिती आधी जायची आणि गर्दीत कुणाची मागे पडायची, हे गणित त्यानंच बसवलेलं. साध्या तारेवर माहितीची मागची पाकिटं क्षणभर थोपवून धरता येतात. उजेडाला कोण थोपवणार? लाइन भरली की तिसऱ्या वर्गाची पाकिटं सरळ फेकली जातात. आणि सकाळी मुंबईचे मासळीचे भाव येतात, नेमकी तेव्हाच ती भरते.

शेटच्या ट्रॉलरनं मंगेशच्या बापाची रापण, किनाऱ्यावरून ओढायचं ते भलंमोठं जाळं, मधोमध फाडली होती. पंचांपुढे शेट चक्क हसला होता. त्यानंतर बाप समुद्राकडे पाठ करून बसायचा, आणि तसाच एक दिवस गेला. आई मात्र रोज विकायची मासळी घ्यायला त्याच शेटच्या लिलावाला पाटी घेऊन बसे, कारण जेटीवर दुसऱ्या कुणाची मासळीच उरली नव्हती. हे मंगेशच्या घशाखाली कधी उतरलंच नाही.

दुपारी तो घरी जेवायला बसला. त्याची आई, राधाबाई, आज भलतीच खुशीत होती.

"आज मजा झाली रे झिला! शेटाचो मुंबयचो भाव इलोच नाय. त्या मशिनीक थापट्यो मारी होतो, घामाघूम!"

मंगेशला हसू आवरेना. "मगे?"

"मगे काय! भावाबिगर लिलाव करूक घाबारलो. मासळी कुसतली म्हणान सगळी गोयच्या ट्रकात घातल्यान, मागतले त्या भावान. आमी बायलमाणसां बसलव तशीच उठलव."

तेव्हा कुठे त्याचं लक्ष पडवीतल्या कोरड्या पाटीकडे गेलं. शेजारच्या काशीबाईची तर चूलच पाटीवर चालायची. लिलाव मोडला तर आधी कोण उपाशी राहील, हे त्यानं गणितात धरलंच नव्हतं. त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला.

"आये, ता मीया केलंय," मान खाली घालून तो म्हणाला. "आत्ता जावन बदलतंय."

राधाबाईनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

"काशीबायक मी समजावतंय. तू हात लावू नको," ती म्हणाली. "उद्या मी लवकर जावन फुडे बसतलंय. शेटाचा तोंड माका नीट बघूचा आसा."