मधुमतीबाईंची वेणी आणि सतरा पतंग

मधुमतीबाईंच्या वेणीला जयपुरात स्वतःची रजई होती. पोपटी रंगाची, बारीक बुट्ट्यांची, आतून सॅटिन लावलेली. रात्री कूस बदलताना उशीला घासून केस तुटू नयेत म्हणून. शिवणाऱ्या कारागिराने माप पाहून विचारलं, "बच्चा कितने महीने का है?" नंदकिशोररावांना खरं सांगायचा धीर झाला नाही. "आठ महीने का," म्हणाले. कारागिराने पुन्हा एकदा टेप लावली आणि हळूच सल्ला दिला, "साहब, बच्चा बहुत पतला है. डॉक्टर को दिखाइए."

नंदकिशोरराव विमा कंपनीत अधिकारी. जूनमध्ये साताऱ्याहून बदली होऊन मालवीय नगरात राहायला आले. दिवसभर लोकांच्या जिवाची जोखीम तपासायची आणि संध्याकाळी बायकोच्या केसांची सांभाळायची. ओल्या केसांना फणी लावायची नाही. वाळल्यावर लाकडी, रुंद दातांची फणी, तीही आधी टोकांना, मग वर वर. पंच्याने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या बनियनने अलगद टिपायचं. त्या घरात बनियन चौथ्या दिवशीच जुना ठरायचा. स्कूटरवर वेणी चाकात जाऊ नये म्हणून ती नंदकिशोररावांच्या गळ्याभोवती दोन वेढे घालून असायची. ऑफिसातली माणसं मफलरची चौकशी करत.

ड्रायरला घरात बंदी होती आणि कात्रीला त्याहून कडक. एका पार्लरवालीला "फक्त टोकं" म्हटलं, तर तिने चार बोटं उडवली. त्या दिवशी घरातली शेवटची कात्रीसुद्धा हद्दपार झाली. तेव्हापासून नंदकिशोरराव दुधाची पिशवी दातांनी फाडत.

हे सगळं चाललं होतं संक्रांतीसाठी. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात दरवर्षी लांब केसांची स्पर्धा असायची. वेणी गुडघ्याखाली गेली पाहिजे, गंगावन चालणार नाही, तुटकी टोकं तर मुळीच नाहीत. सोडाला भागातल्या कलावतीबाई सहा वर्षं सलग जिंकत होत्या. यंदा हळदीकुंकू मधुमतीबाईंच्याच घरी, दुपारी तीनला. आणि सकाळी मापली तेव्हा वेणी गुडघ्याच्या वर दोन बोटं!

"अहो, केस धुतलेत. तीनपर्यंत वाळतील का हो? आणि दोन बोटांचं काय करू?"

"अगं, वाळले की सुळसुळीत होऊन उतरतील खाली," नंदकिशोरराव दडपून म्हणाले. "गच्चीवर चल. काय झकास ऊन पडलंय!"

संक्रांतीच्या दिवशी जयपूरच्या गच्चीवर केस वाळवायला जाणारं जोडपं त्या शहराने त्याआधी पाहिलं नव्हतं. वर आभाळ शिल्लकच नव्हतं, नुसते पतंग. प्रत्येक गच्चीवर भोंगा, गजक, तिळपट्टी आणि आरडाओरडा. शेजारच्या गच्चीवर राघवजी माथुर मांजाची चरखी धरून उभे होते. साठीचे गृहस्थ, पण त्या दिवशी वय विचारायचं नाही.

एक वाजता केस वाळले. मधुमतीबाईंनी सैलसर वेणी घातली, तेवढ्यात राघवजींच्या पतंगाने गोता खाल्ला. मांजा पार पुढे होता, मागचा सद्दा, म्हणजे साधा जाड दोरा, झोळ खाऊन आला आणि वेणीला तीन वेढे घालून बसला. मग वाऱ्याचा झोत आला. वेणी सरळ उभी राहिली. झेंड्याच्या काठीसारखी!

"अहो, कोण ओढतंय?"

"कोणी नाही. तू वर बघू नकोस." नंदकिशोरराव कठड्याकडे धावले. "राघवजी, धागा काट दीजिए!"

"अपनी उड़ती पतंग, अपने हाथ से? आज?" राघवजींनी चरखी छातीशी धरली. "भाईसाहब, आप मेरी नाक काट लीजिए."

नंदकिशोरराव खाली जाऊन सुरी घेऊन आले. मधुमतीबाई किंचाळल्या, "ती आधी खाली ठेवा! तुमच्या हातून कलिंगडसुद्धा सरळ कापलं जात नाही!"

इतक्यात एक निळा पतंग पेच घ्यायला आला. ताण वाढला, तशी केसांच्या काळजीने मधुमतीबाईंनी मान तिकडे सोडली. नेमकी हवी तेवढी, ना जास्त ना कमी. जयपुरात पतंगबाज या ढिलासाठी जन्म घालवतात. निळा पतंग लटपटत गेला. चारी बाजूंनी आरोळी उठली, "वो काटा!"

"भाभीजी, क्या ढील दी है!" राघवजींचे डोळे भरून आले.

नंदकिशोररावांच्या डोक्यात प्रकाश पडला. कुणीतरी हाच पतंग कापला तर ताण जाईल, वेणी सुटेल. "मधू, हर! कशीही कर, पण हर!"

"मला काय जिंकायची हौस आहे? ओढ लागली की मान आपोआप जाते!"

"मग मान ताठ धर."

"आणि केस तुटू देऊ?"

झालं! केस वाचवायचे म्हणून मान सैल, मान सैल म्हणून विजय. दुसरा गेला, पाचवा गेला, अकरावा गेला. वेणीच्या टोकावर एक पोपट बसून चार गच्च्यांची पाहणी करून उडाला. बातमी पसरली, तसे लांबलांबचे पतंग भिडायला आले. एक तर म्हणे थेट बस्सीहून आला होता, तीस किलोमीटर दोरा सोडून. तोही गेला. तीन वाजेपर्यंत सतरा!

मग जिन्यातून मंडळाच्या परीक्षक सुधाताई भिंग आणि टेप घेऊन वर आल्या, मागे कलावतीबाई.

"मधुमती, वेणी खाली सोड बघू."

"सुधाताई, मी सोडलीय हो, तीच येत नाहीये!"

सुधाताई स्टुलावर चढून वरच्या दिशेने टेप लावू लागल्या. कलावतीबाई नागपूरच्या, वीस वर्षं जयपुरात मुरलेल्या. त्या म्हणाल्या, "असं नाही चालणार बाप्पा. नियमात गुडघा आहे, मतलब वेणी खालीच मोजायची."

सुधाताईंनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं देते. नाही उतरली, तर नाव बाद."

सात महिन्यांचे बनियन नंदकिशोररावांच्या डोळ्यांपुढून सरकले. मधुमतीबाईंच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, पण मान अजूनही वाऱ्याबरोबर झुलत होती.

कलावतीबाईंनी पर्समधून इवलीशी कात्री काढली. फाटे फुटलेलं एकेक टोक वेचून छाटायची त्यांची खास कात्री. शेजारचा भोंगा कुणीतरी बंद केला.

"बहनजी, मेरी पतंग नहीं!" राघवजी ओरडले.

"वहिनी, वेणी नको!" नंदकिशोररावांनी हात जोडले.

"सरका हो दोघं. सहा वर्षं केसांवर जिंकली मी. आता काय पतंगामुळे जिंकू?"

कच्! सद्दा तुटला. वेणी सपकन खाली आली आणि वाटेत नंदकिशोररावांच्या गालावर उमटून गेली. पतंग सांगानेरकडे निघून गेला. राघवजी मटकन खाली बसले.

कलावतीबाई आणि मधुमतीबाईंनी मिळून वेढे सोडवले, टोकाकडून वर, जराही न ओढता. सुधाताईंनी भिंग लावलं. "एकसुद्धा केस तुटलेला नाही." मग टेप लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावली. दोन तास पतंगाने ताणून धरलेली ती सैल वेणी आता गुडघ्याखाली पूर्ण एक बोट उतरली होती!

कलावतीबाईंची मापली. गुडघ्याखाली अर्धं बोट.

टाळ्या वाजल्या, पण दबकत. मधुमतीबाईंना हसावं की नाही कळेना. सगळे कलावतीबाईंकडे बघत होते. त्यांनी कात्री पर्समध्ये टाकली, पदर खोचला, तरातरा कठड्यापाशी गेल्या आणि आपली वेणी पलीकडे राघवजींच्या पुढ्यात टाकली.

"रो क्यों रहे हो, भैया? दूसरी पतंग निकालो. आणि सुधाताई, टेप आत नका ठेवू. साडेपाचपर्यंत वारा आहे."