शहाण्या मुली धरून ठेवतात

सोफ्याच्या पायाशी पुन्हा ओलं झालं होतं. सासूबाईंनी फडकं आणलं, बादली आणली आणि ती सुनेसमोर आपटली. गुन्हा कोणाचाही असो, बादली सुनेपुढेच यायची, ही त्या घराची जुनी पद्धत.

खरी गुन्हेगार टेबलाखाली अंग चोरून बसली होती. मिरी. काळी, ठेंगणी, अजून वर्षाचीही न झालेली कुत्री. तिचं हे दुखणं तिसऱ्यांदा उपटलं होतं. ऊठसूट थेंब थेंब शू करायची, मग स्वतःला चाटत बसायची. गोळ्या आणल्या की बरी व्हायची, आणि गोळ्या संपून काही दिवस गेले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

सून चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती, म्हणून सगळी इमारत तिला चष्मेवाली म्हणायची. मिरीला तिनंच घरी आणलं होतं. त्यामुळे मिरीच्या प्रत्येक थेंबाचा जाब तिलाच द्यावा लागे.

“लाडानं शेफारलीय,” सासूबाईंनी निकाल दिला.

शिक्षा नवऱ्यानं ठरवली. त्याच्या ओळखीच्या एका माणसाला गोदामावर राखणीला कुत्रं हवं होतं. येत्या रविवारी मिरीला तिकडे सोडायचं. तिथे पत्र्याचं छप्पर होतं, साखळी होती आणि माणसं फक्त माल उतरवायला यायची. नवरा मनानं वाईट नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याच्या हिशेबी जगातली प्रत्येक वस्तू एकतर चालू असते नाहीतर बदलायची असते. मिरीवर त्यानं आपल्या परीनं एक इलाजही करून पाहिला होता. दिवसा तो तिचं पाण्याचं भांडंच उचलून ठेवायचा. आत गेलंच नाही तर बाहेर येईल कुठून? लिफ्टच्या बाबतीत हा विचार बिनचूक ठरला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून चष्मेवाली दुकानातून आली ती दारातूनच मिरीला उचलून निघाली. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी पिकल्या केसांच्या एक डॉक्टरबाई बसल्या होत्या. त्यांनी मिरीचं पोट चाचपलं, लघवी तपासून घेतली आणि पुन्हा संसर्ग झाल्याचं सांगितलं. मग आजवर कोणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. दिवसभरात हिला बाहेर कोण नेतं?

“कोणी नाही,” चष्मेवाली म्हणाली. “पण तशी फार शहाणी आहे हो. सकाळी हे फिरवून आणतात, की थेट मी संध्याकाळी घरी येईपर्यंत धरून ठेवते. आता आजारी पडल्यापासूनच घरात करायला लागलीय.”

डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “हे तुम्ही कौतुकानं सांगताय?”

मग पाण्याच्या भांड्याची गोष्ट निघाली आणि बाईंचा पारा चढला. पाणी काढून घेऊन तुम्ही आजाराला मात्र खतपाणी घातलंत, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. लघवी तासन्‌तास तुंबली की जंतूंचं आयतंच फावतं, त्यातून पाणी कमी. गोळ्या पूर्ण द्या, शेवटी पुन्हा तपासणी करा, भरपूर पाणी ठेवा आणि दुपारी हिला बाहेर न्याच.

“जंतू मारायला माझ्याकडे गोळी आहे,” त्या म्हणाल्या. “कोंडून ठेवण्यावर गोळी नाही.”

चष्मेवाली मान डोलावत होती आणि या पायावरून त्या पायावर होत होती. डॉक्टरबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. बाथरूम मागच्या बाजूला आहे, कडी फक्त आतून आहे, त्यांनी इतकंच सांगितलं.

ती परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. मग तिनं सांगून टाकलं. दुकानातल्या बायकांच्या संडासाला कुलूप असतं. चावी मॅनेजरच्या खुर्चीमागे टांगलेली, आणि हरवू नये म्हणून तिला पोळपाटाएवढी फळी बांधलेली. ती फळी हातात घेऊन भरल्या दुकानातून, गिऱ्हाइकांच्या समोरून जायचं. एक नवी मुलगी दिवसातून दोनदा चावी मागायची, तर विक्रीवाल्या पुरुषांनी तिचं नाव गळका नळ ठेवलं. तेव्हापासून सगळ्या जणींनी दुकानात पाणी पिणंच सोडलं होतं. चष्मेवालीच्या पर्समध्ये लघवीच्या जळजळीवरची पुडी कायम असायची, आणि कामावरून कधी उठत नाही म्हणून मॅनेजर तिचं उदाहरण द्यायचा.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. “मिरीला बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला येतं.”

घरी जाताना चष्मेवालीला स्वतःचा भयंकर राग आला. आणि अर्ध्या रस्त्यात तिच्या मनात आलं, स्वतःचा का? कुलूप काय मी लावलंय?

घरात शिरताच तिनं मिरीचं भांडं काठोकाठ भरलं आणि खाली ठेवलं.

“मिरी कुठेही जाणार नाही,” ती म्हणाली. “ती बिघडलेली नाही, आजारी आहे. आणि तो आजार आपण तिला लावलाय.”

डॉक्टरबाईंचं म्हणणं ऐकून नवऱ्यानं विचारलं, मग दुपारी तिला बाहेर कोण नेणार? सासूबाईंनी आधीच हात झटकले. या वयात कुत्रीमागे दोरी धरून फिरणं त्यांना जमणार नव्हतं. मग दुपारी जेवणाच्या सुट्टीत मीच येईन, असं सून म्हणाली. दुकान सोडतं का, या नवऱ्याच्या प्रश्नावर तिनं फक्त “बघते” म्हटलं. त्या रात्री सासूबाई बराच वेळ मिरीकडे बघत बसल्या.

सकाळी दुकानात एक म्हातारी बाई चष्म्याच्या फ्रेमा लावून बघत होती. चष्मेवालीनं उठून मॅनेजरकडे चावी मागितली.

“आत्ता?” मॅनेजर म्हणाला. “गिऱ्हाईक बसलंय.”

“त्यांना मीच सांगते, सर.” ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आजी, मला लघवीला जायचंय. जाऊन येते.”

विक्रीवाल्यांपैकी कोणीतरी खुदकन हसलं. पण आजी नाकावरची फ्रेम सावरत उठल्याच. “थांब, मीही येते. मघापासून जायचंय, कुणाला विचारायचं कळेना.”

दोघी गेल्या आणि परत आल्या. चष्मेवालीनं मॅनेजरच्या टेबलावर ती फळी ठेवली, चावी ठेवली आणि त्यांच्या शेजारी कुलूपही ठेवलं.

“हे काय?”

“कुलूप काढलंय, सर. आता चावी मागायला कोणी येणार नाही. आणि जेवणाच्या सुट्टीत मी घरी जाऊन येणार आहे. सुट्टी माझी आहे.”

“नोकरी नकोय वाटतं?”

“हवीय. म्हणूनच तब्येत सांभाळतेय.”

मॅनेजरनं तोंड उघडलं, पण आजी अजून फ्रेम घालून त्याच्याकडे रोखून बघत होत्या. तेवढ्यात जिला गळका नळ म्हणायचे ती मुलगी जागेवरून उठली आणि कोणाला न विचारता, हात हलवत, सगळ्यांच्या समोरून चालत गेली. या वेळी मात्र कोणी हसलं नाही!

दुपारी चष्मेवाली धावतपळत घराजवळ पोचली आणि कोपऱ्यावरच थबकली. समोरून सासूबाई येत होत्या. एका हातात मिरीची दोरी, दुसरा हात कमरेवर, आणि कुत्री ओढेल तिकडे जाता जाता तोंडानं तिचा उद्धार.

“आई, तुम्ही?”

“मग काय करणार? दारापाशी जाऊन माझ्या तोंडाकडे बघत बसली.” सासूबाई दम घ्यायला थांबल्या. “मी या घरात आले तेव्हा माणसं फार. सगळ्यांचं उरकल्याशिवाय बाईनं उठायचं नाही, अशी शिस्त. मी कधी उठले नाही. सगळे म्हणायचे, सून किती शहाणी. त्या शहाणपणाच्या गोळ्या मी अजून खातेय.” त्यांनी दोरी सुनेच्या हातात दिली. “हिला नको शहाणी करू.”

रविवार आला आणि गेला. गोदामवाल्यानं दुसरीकडून कुत्रं मिळवलं. मिरीच्या गोळ्या पूर्ण झाल्या, तपासणीत लघवी स्वच्छ निघाली, आणि नवरा आता रोज कामावर निघण्याआधी न सांगता तिचं भांडं भरतो.

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत, शाळेत अशी एखादी असतेच, जी कधी उठत नाही, काही मागत नाही, आणि त्यासाठीच नावाजली जाते. ते वळण नव्हे, ते दुखणं आहे, आणि ते आपण लावलेलं आहे. तिचं कौतुक पुरे झालं. आधी उठा आणि ते कुलूप काढा.