शेजाऱ्यानं मोडायचं

बाईंचा नियम होता: वेब प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी प्रत्येकानं शेजाऱ्याची साइट मोडून बघायची. "कौतुक नको, मोडा," असं बजावून त्या बाहेरच्या परीक्षकांना आणायला गेल्या.

पैलवानाशेजारी काडी म्हणून ओळखला जाणारा किडकिडीत मुलगा बसला होता. पैलवानाची ही शेवटची खेप; आज नापास झाला की विद्यापीठातून नाव कमी. वर्षभर त्याचं सगळं काम काडीनंच केलं होतं, मानेवर टपल्या खात. या साइटवर पाहुण्यांनी नाव लिहायची चौकट तेवढी पैलवानानं स्वतः बनवली होती. तिच्यात जे लिहावं ते न तपासता तसंच पानावर उमटायचं.

काडीनं तिथे नावाऐवजी कोडची एक ओळ टाकली. पानभर लाल अक्षरं आली: मालक ढ आहे.

"वा, खरं बोलणारी साइट!" मागून कोणीतरी ओरडलं. लॅब खदखदून हसली.

पैलवान उठला. त्यानं काडीचं डोकं टेबलावर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज पंख्यांच्या घरघरीतही ऐकू आला. हसणं थांबलं. मग त्यानं काडीचा डावा हात ड्रॉवरमध्ये कोंबला आणि गुडघ्यानं ड्रॉवर ढकलला. पुन्हा ढकलला.

"सोड रे, मरेल तो," कोणीतरी पुटपुटलं. जागचं कोणी हललं नाही.

"नीट करून दे," पैलवान म्हणाला.

"बोटं मोडलीस की, गाढवा. आता तूच टाइप कर." काडी रक्त थुंकला. "डेटाबेस उघड. मी सांगतो."

"चुकीचं सांगितलंस तर दुसरा हातही जाईल."

"माहीत आहे."

जिन्यात बाईंचा आवाज आला. काडी सांगत गेला, पैलवान एका बोटानं अक्षरं शोधत गेला. ड्रॉप. टेबल. साठवलेली सगळी माहिती पुसून टाकायचा तो हुकूम वर्गात लक्ष देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता. मागच्या रांगेतल्या मुलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. पैलवानानं एंटर दाबलं.

"सगळं कुठे गेलं?"

"गेलं. आता परत येत नाही."

पैलवानानं त्याचं उजवं मनगट धरलं. काडीनं ते सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. परीक्षक दारात आले तेव्हा तो किंचाळत होता आणि पैलवानाच्या स्क्रीनवर काहीही नव्हतं.